अप्पासाहेब पटवर्धन : हे काम कोणी करायचं?

मागच्या वेळी आपण साने गुरुजींच्या पंढरपूरच्या उपोषणाबद्दल बोललो होतो. १९४७ चा मे महिना, विठ्ठलाचं देऊळ, आणि ते सर्वांना उघडं व्हावं म्हणून अन्न सोडून बसलेले गुरुजी. ती गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे, निदान तोंडओळख तरी आहे. आज एका दुसऱ्या दाराबद्दल बोलायचं आहे. हे दार देवळाला नव्हतं, घराला होतं, आणि घराच्याही मागच्या बाजूला. जेमतेम हात आत जाईल एवढं. जुन्या गावठाणातल्या, पेठेतल्या वाड्यांची मागची बोळ ज्यांनी बघितली आहे त्यांच्या लक्षात आलं असेल. संडासाच्या खाली ठेवलेली टोपली किंवा डबा त्या दारातून ओढून काढायचा, त्यातला मैला दुसऱ्या पाटीत ओतायचा, पाटी डोक्यावर घ्यायची आणि गावाबाहेर नेऊन टाकायची. घरातल्या माणसांना ती व्यक्ती दिसू नये अशीच सगळी रचना. पुढच्या दाराने पाहुणे, मागच्या बोळातून ती.

या मागच्या दाराचं काय करायचं, हा प्रश्न ज्या माणसाने आयुष्यभर सोडला नाही, ते सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. लोक त्यांना अप्पासाहेब म्हणत. 'कोकणचे गांधी' हे बिरुद त्यांना चिकटलं आणि बहुतेक ठिकाणी त्यांची ओळख तिथेच संपते. आम्हाला विचाराल तर असल्या बिरुदांनी माणूस झाकला जातो. 'कोकणचे गांधी' म्हटलं की पुढे काही विचारायची गरज उरत नाही.

एक खुलासा आधीच केलेला बरा. या विषयावरच्या जुन्या कागदपत्रांत, पुस्तकांत, सरकारी अहवालांत 'भंगी' हा शब्द सर्रास येतो. तो आज आपण वापरत नाही, वापरू नये. इतिहास सांगताना जिथे टाळताच येणार नाही तिथे तो येईल. बाकी सगळीकडे आपण 'सफाई कामगार' म्हणू. खरं तर त्या काळातल्या त्या माणसांना 'कामगार' म्हणणं हेही थोडं खोटंच आहे, कारण कामगाराला काम सोडता येतं.

आता थोडं चरित्र, पटकन. अप्पासाहेबांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९४ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. ब्राह्मण घर. पुण्यात शिक्षण, काही काळ अध्यापन. म्हणजे त्या पिढीतल्या हुशार कोकणस्थ मुलाची जी वाट ठरलेली असे तीच: पदवी, प्राध्यापकी, पुण्यात घर. ती वाट त्यांनी सोडली आणि ते गांधीजींकडे साबरमतीला गेले. पुढे रत्नागिरी जिल्हा हेच कार्यक्षेत्र केलं. खादी, ग्रामोद्योग, १९३० साली शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह, तुरुंगवास. स्वातंत्र्यचळवळीतल्या शेकडो कार्यकर्त्यांच्या आयुष्याचा हा नकाशा आहे आणि त्यावर फार वेळ घालवायची गरज नाही.

पण एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. आपल्यापैकी ज्यांनी गांधीजींचं आत्मचरित्र मराठीत वाचलं आहे, 'सत्याचे प्रयोग अथवा आत्मकथा', त्यांनी पहिल्या पानावर अनुवादकाचं नाव बघितलं आहे का? तो अनुवाद अप्पासाहेबांचा. आता त्या पुस्तकातले दोन प्रसंग आठवा. पहिला १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसचा. प्रतिनिधींच्या निवासातले संडास भरून वाहत होते, स्वयंसेवकांना सांगितलं तर ते म्हणाले की हे आमचं काम नाही. गांधीजींनी झाडू मागून घेतला आणि स्वतःपुरता संडास साफ केला. दुसरा प्रसंग डर्बनच्या घरातला. घरात राहणाऱ्या एका कारकुनाचं, ज्याचे आईवडील अस्पृश्य जातीतले होते, मूत्रपात्र उचलायची वेळ कस्तुरबांवर आली. त्या रडत ते घेऊन जिना उतरल्या, आणि गांधीजी संतापले. काम करते म्हणून नव्हे, हसतमुखाने करत नाही म्हणून. हाताला धरून त्यांना फाटकापर्यंत ओढत नेलं. पुढे गांधीजींनी स्वतःच ते सगळं शरमेने लिहिलं.

हे दोन्ही प्रसंग मराठीत आणताना अप्पासाहेबांच्या मनात काय चाललं असेल ते आपण सांगू शकत नाही. पण दोन्ही त्यांच्या हातातून शब्दाशब्दाने गेले आहेत, आणि त्यांच्या आयुष्यातले दोन प्रश्न तेच आहेत. हे काम कोणाचं? आणि ते दुसऱ्यावर लादता येतं का?

तर चला, रत्नागिरीच्या तुरुंगात.

साल १९३२. सप्टेंबरमध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचं उपोषण झालं, २४ तारखेला पुणे करार झाला. देशभर अस्पृश्यतेची चर्चा. सभा होताहेत, विहिरी आणि देवळं उघडल्याच्या बातम्या येताहेत. रत्नागिरीत तर आधीपासून सावरकरांचं काम चालू होतं. सहभोजनं होत होती, १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं पतितपावन मंदिर उभं राहिलं होतं. त्याच गावातल्या तुरुंगात अप्पासाहेब सविनय कायदेभंगाचे कैदी म्हणून होते. त्यांनी तुरुंगाच्या अधिकाऱ्यांकडे एक मागणी केली. मला सफाईचं काम द्या. संडास साफ करायचं, मैला उचलायचं.

अधिकाऱ्यांनी नकार दिला.

इथे जरा थांबू, कारण हा नकार नीट समजला नाही तर पुढचं सगळं नुसती भाबडी गोष्ट वाटेल. तुरुंगात कामं वाटली जात होती ती जातीप्रमाणे. स्वयंपाक कोणी करायचा, तर वरच्या जातीच्या कैद्याने. संडास कोणी साफ करायचे, तर ज्यांची जात तेच काम करते त्या कैद्याने. म्हणजे बाहेर एखाद्याने चोरी केली, शिक्षा झाली, तर आत त्याला दोन शिक्षा. एक चोरीची, दुसरी जातीची.

इंग्रजांना जातीचं एवढं प्रेम कुठून आलं, असा प्रश्न कोणी विचारेल. प्रेम नव्हतं, भीती होती. १८५५ साली बिहारमध्ये आरा आणि मुझफ्फरपूरच्या तुरुंगांत कैद्यांचे पितळेचे लोटे काढून घेऊन मातीची भांडी दिली, कारण पितळी लोटा डोक्यात घालता येतो. तेवढ्यावरून दंगे पेटले. मातीचं भांडं एकदा बाटलं की शुद्ध करता येत नाही, पितळेचं घासून घेता येतं, हा साधा हिशेब अधिकाऱ्यांना माहीत नव्हता. त्यानंतर सत्तावन्न झालं आणि १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात ढवळाढवळ न करण्याचं वचन आलं. तेव्हापासून तुरुंगाच्या नियमावलीत जात ही सोयीची गोष्ट होऊन बसली. कोणाला दुखवायचं नाही, म्हणजे जो आधीच खाली आहे त्याला खालीच ठेवायचं. त्याचं दुखणं 'दुखवणं' या सदरात येतच नव्हतं.

अप्पासाहेबांनी बोट ठेवलं ते नेमकं इथे. मी ब्राह्मण आहे, मी स्वतःहून मागतो आहे, माझ्या धर्मभावना अजिबात दुखावत नाहीत. मग सरकार कोणाचा धर्म सांभाळतंय? त्यांनी उपोषण आरंभलं. येरवड्यात गांधीजींना हे कळलं, त्यांनी सरकारशी पत्रव्यवहार केला, आणि ३ डिसेंबर १९३२ ला अप्पासाहेबांच्या सहानुभूतीत स्वतः उपोषण सुरू केलं. पुणे कराराच्या उपोषणाला तीन महिनेही झाले नव्हते. प्रकृती पुरती सावरलेली नव्हती, बरोबर वल्लभभाई आणि महादेवभाई होते, त्यांची काय अवस्था झाली असेल बघा. सरकारने लगेच प्रश्नाचा विचार करण्याचं आश्वासन दिलं, दोन दिवसांत उपोषण संपलं. आणि पुढे थोड्याच काळात, ज्या सवर्ण कैद्यांची स्वतःची इच्छा असेल त्यांना हे काम द्यायला हरकत नाही, असं सरकारने मान्य केलं.

जगाच्या इतिहासात तुरुंगातल्या कैद्यांनी कशाकशासाठी उपोषणं केली आहेत. चांगलं अन्न, पुस्तकं, राजकीय कैद्याचा दर्जा. मैला उचलायचा हक्क मिळावा म्हणून केलेलं उपोषण आम्हाला तरी दुसरं आठवत नाही.

आता कोणी म्हणेल की झालं, ही १९३२ ची गोष्ट, संपली. संपली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी तुरुंगांतल्या जातिभेदाबद्दल याचिका केली होती. न्यायालयासमोर अनेक राज्यांच्या नियमावल्या आल्या, आणि त्यांत सफाईचं काम अमुक जातीच्या कैद्यांनी आणि स्वयंपाक तमुक जातीच्या कैद्यांनी करावा अशा अर्थाच्या तरतुदी शिल्लक होत्या. न्यायालयाने त्या घटनाबाह्य ठरवल्या, तीन महिन्यांत नियमावल्या दुरुस्त करायला सांगितलं, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. अप्पासाहेबांच्या उपोषणानंतर ब्याण्णव वर्षांनी. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी.

आणि इथे अप्पासाहेबांच्या विजयाची मर्यादाही दिसते, ती लपवण्यात अर्थ नाही. त्यांना मिळालं ते इतकंच की ब्राह्मणाला हे काम मागता येईल. ज्याच्यावर ते लादलं जात होतं त्याला ते नाकारता येईल, असा नियम काही झाला नाही. झाडू हातात घ्यायचं स्वातंत्र्य मिळालं, खाली ठेवायचं नाही. ही दुसरी गोष्ट तुरुंगात बसून एकट्याने मिळवता येण्यासारखी नव्हतीच. त्यांचं पुढचं आयुष्य बघितलं की वाटतं, हा फरक त्यांना उमगला होता. कारण बाहेर आल्यावर ते नुसते झाडू घेऊन फिरले नाहीत.

आता आपण तुरुंगातून गावात येऊ, आणि त्यासाठी पाच वर्षं मागे, १९२७ च्या महाडला जावं लागेल.

महाड म्हटलं की चवदार तळं आठवतं. पण १९ आणि २० मार्च १९२७ च्या त्या परिषदेत बाबासाहेबांनी पाण्याइतकीच आणखी एक गोष्ट सांगितली होती. मेलेलं ढोर ओढू नका, त्याचं मांस खाऊ नका. कोकणातल्या आणि देशावरच्या महारांना गावकीची जी कामं वतनाने चिकटली होती त्यांत मेलेलं जनावर ओढून नेणं हे एक. बदल्यात काय, तर ते कातडं, ते मांस आणि सुगीला थोडं धान्य. बाबासाहेबांचं म्हणणं असं की हे काम आणि हे मांस हीच तुमच्या मानेवरची खूण आहे, ती आधी पुसा. आणि लोकांनी ऐकलं. गावोगाव महारवाड्यांनी ढोरं ओढणं सोडलं.

मग गावात काय झालं? गोठ्यात बैल मेला. महारवाड्यातून कोणी येत नाही. दोन दिवसांत वास सुटतो. पाटील निरोप धाडतो, मग धमकी देतो, मग बलुतं बंद, दुकानात मीठमिरची बंद, वाट बंद. बहिष्कार. ज्या कामाला गाव घाण म्हणत होतं, ते कोणी करेनासं झाल्याबरोबर गावाला कळलं की हे काम आपल्याला रोज लागतं.

सुधारक मंडळींपैकी बहुतेकांचं या ठिकाणी अडायचं. अस्पृश्यता पाप आहे हे त्यांना मान्य, पण गोठ्यातल्या मेलेल्या बैलाचं काय करायचं हे त्यांच्या व्याख्यानात नसायचं. अप्पासाहेबांचं उत्तर सरळ होतं. मी येतो. त्यांनी ढोरफाडी शिकून घेतली, मेलेल्या जनावराचं कातडं स्वतः सोललं, लोकांना सोलायला शिकवलं. कोकणातल्या ब्राह्मणाने! आज आपल्याला ते नुसतं धाडसी वाटतं, त्या काळात ते किळसवाणं वाटायचं, आणि किळस हा विरोधापेक्षा कठीण प्रकार आहे. विरोधाला युक्तिवादाने उत्तर देता येतं. पंगतीत शेजारचा माणूस पाट उचलून लांब बसतो तेव्हा त्याला काय उत्तर द्यायचं?

पण हेही बघा, नुसतं प्रायश्चित्त म्हणून ते कातडं सोलत नव्हते. वर्ध्याजवळ नालवाडीला वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं होतं, गांधीजींच्या भोवतीच्या मंडळींत या विषयाचा बारकाईने अभ्यास चालला होता. मेलेलं ढोर पाय बांधून खडकाळ जमिनीवरून फरफटत नेलं की एका बाजूचं कातडं खरवडून निघतं आणि त्याची किंमत पडते. गाडीवर घालून नेलं तर वाचतं. सुरी चुकीची लागली की भोक पडतं. वेळेवर मीठ नाही लावलं तर कातडं कुजतं. मग कमावणं, म्हणजे चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे, बाभळीची साल, हिरडा यांच्या पाण्यात मुरवायचं. हाडांचा चुरा खताला, चरबी वेगळी, शिंगं वेगळी. मेलेला बैल हा एक छोटा कारखाना आहे. आणि ज्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हे ज्ञान होतं त्याला गावाने ज्ञानी म्हटलं नाही, अमंगळ म्हटलं. हत्या न करता मिळालेलं कातडं, त्यातून धंदा, धंद्यातून मजुरी, आणि तो धंदा कोणाही जातीच्या माणसाने करायचा, असा तो हिशेब होता.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, अप्पासाहेबांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम काढला. तेव्हा कणकवली रत्नागिरी जिल्ह्यातच होती, सिंधुदुर्ग जिल्हा व्हायला अजून बरीच वर्षं होती. ज्या वर्षी इतर अनेक सत्याग्रही विधिमंडळाच्या आणि मंत्रिपदांच्या दिशेने निघाले होते, त्या वर्षी हा माणूस चामडं, शेण, खत आणि संडास यांच्यात घुसला. गोपुरी या नावावरून गोशाळा डोळ्यांसमोर येते. गाय होतीच, पण अप्पासाहेबांची गाय मेल्यावरही उपयोगाची होती, आणि तिच्या शेणाइतकाच विचार माणसाच्या मळाचा होता.

आता आपण येतो आजच्या विषयाच्या गाभ्याकडे, म्हणजे संडासाकडे. हसू नका. या विषयावर हसून आपण फार वर्षं काढली.

टोपलीच्या संडासाची अडचण काय? मैला ताजा असतो. रोज काढावा लागतो. ताजा मैला म्हणजे वास, माशा, पटकी, विषमज्वर, जंत. आणि रोज काढावा लागतो म्हणजे रोज काढणारा माणूस लागतो. जात इथे त्या यंत्रणेचा भाग होऊन बसते. टोपली आहे तोवर टोपली उचलणारा लागणार, आणि स्वतःहून कोणी येणार नाही, म्हणून त्याला जन्मानेच बांधून ठेवायचं. १९४९ साली मुंबई सरकारने या लोकांच्या स्थितीचा विचार करायला बर्वे समिती नेमली. डोक्यावरून पाटी नेणं बंद करावं, हातगाड्या द्याव्यात, अवजारं द्यावीत, अशा दिशेच्या सूचना तिने केल्या. चांगल्याच होत्या. डोक्यावर गळणारी पाटी आणि हातगाडी यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, ज्याच्या डोक्यावर ती गळते त्याला विचारा. पण हातगाडी ओढणारा माणूस तोच राहतो.

अप्पासाहेबांनी काम दुसऱ्या टोकाकडून धरलं. ताजा मैला उचलायची वेळच येऊ नये असा संडास बांधायचा. 'गोपुरी संडास' म्हणून जो प्रकार ओळखला जातो त्याचं तत्त्व अगदी सोपं आहे. खाली दोन कप्पे. एक वापरात घ्यायचा. प्रत्येक वेळी वरून मूठभर माती, राख, वाळलेला पातेरा टाकायचा. कप्पा भरला की बंद करायचा आणि दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातलं सगळं कुजून खत होतं. मग मागच्या बाजूने ते काढायचं आणि झाडाला घालायचं.

पातेरा कशाला? मळात नत्र भरपूर असतो आणि पाणीही. नुसता मळ साठवला तर तो सडतो आणि घाण सुटते. त्यात कोरडा काडीकचरा मिसळला की ओल शोषली जाते, हवा खेळती राहते, आणि ज्या जिवाणूंना हवा लागते ते कामाला लागतात. सडणं आणि कुजणं आपण बोलताना एकच समजतो, पण शेतकऱ्याला फरक बरोबर कळतो. नीट कुजलेल्या खताला वास येतो तो पहिल्या पावसातल्या मातीचा. वेळ मात्र द्यावा लागतो. काही जंतांची अंडी चिवट असतात, म्हणून घाई करायची नाही, वर्षभर राहू दिलं तर उत्तम.

कोकणाच्या दृष्टीने याला आणखी एक अंग आहे. जांभ्या दगडाची जमीन, वर मातीचा पातळ थर, आणि पावसाळ्यात असा पाऊस की मातीतलं सगळं सत्त्व धुऊन समुद्रात. भाताची रोपं करायची तर शेतकरी फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून जाळतो. त्याला कुठे भाजावळ म्हणतात, कुठे राब भाजणं. म्हणजे आधीच गरीब जमीन, आणि तिला मिळायचं ते खत आपण जाळतो. दुसरीकडे परसाकडे जाऊन नदीकाठ घाण करतो. आपल्या भाषेत माणसाच्या मळाच्या खताला शब्द काय आहे? सोनखत. भाषेला त्याची किंमत ठाऊक होती. सोनं कोणाचं आणि ते डोक्यावरून वाहणारा कोण, एवढाच प्रश्न होता.

बांधायला स्वस्त, पाणी फार लागत नाही, मैला-गटार लागत नाही, घरच्या माणसाला स्वतः साफ करता येतो. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. खत झालेला मळ हातात घेताना किळस येत नाही, म्हणून तो कोणीही काढू शकतो. आणि कोणीही काढू शकतो म्हणजे त्यासाठी वेगळी जात लागत नाही. जातिनिर्मूलनाच्या कार्यक्रमात विटा, चुना आणि पातेरा आणणारा हा माणूस. आमच्या मते अप्पासाहेबांचं सगळ्यात मोठं योगदान हे आहे, तुरुंगातल्या उपोषणापेक्षाही मोठं. उपोषणाने त्यांनी सांगितलं की हे काम माझंही आहे. गोपुरीत त्यांनी विचारलं की हे काम या रूपात असायलाच हवं का.

आता बाबासाहेबांचा आक्षेप. तो बाजूला ठेवून अप्पासाहेबांवर बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. गांधीजी सफाईच्या कामाला पवित्र म्हणत, आणि १९४५ साली बाबासाहेबांनी काँग्रेस आणि गांधींवर जे पुस्तक लिहिलं त्यात या म्हणण्याचा त्यांनी फडशा पाडला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा, की या देशात माणूस कामामुळे भंगी ठरत नाही, जन्मामुळे ठरतो. त्याने झाडू सोडून शाळा काढली तरी तो तोच राहतो, आणि ब्राह्मणाने जन्मभर झाडू मारला तरी तो ब्राह्मणच राहतो. मग कामाची थोरवी गाऊन त्या माणसाला मिळालं काय?

हा आक्षेप अप्पासाहेबांना लागू होतो का? आमचं उत्तर, अर्धा होतो. त्यांनी कातडं सोललं तरी त्यांची जात गेली नाही. उलट त्या कामामुळे त्यांना मान मिळाला, आज आपण त्यांच्यावर व्याख्यान देतोय. तेच काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्यावर कोणी व्याख्यान ठेवलं नाही. हे खरंच आहे आणि ते बोचलं पाहिजे. पण संडासाच्या बाबतीत आक्षेप लागू पडत नाही, कारण तिथे त्यांनी कामाची थोरवी गायली नाही, ते कामच नाहीसं करायची खटपट केली. बाबासाहेब सांगत होते की झाडू खाली ठेवा. झाडू खाली ठेवल्यावर गाव अडून राहू नये आणि त्याने पुन्हा जबरदस्ती करू नये, यासाठी काय बांधायचं ते अप्पासाहेब दाखवत होते. हे दोघं एका व्यासपीठावरचे नव्हते. त्यांचे मार्ग जुळवून दाखवायचा मोह आम्हाला नाही. पण नाकारणारा आणि पर्याय बांधणारा, दोघांवाचून ती टोपली हलली नसती.

हलली का, हा पुढचा प्रश्न. कायद्याने हाताने मैला उचलायला लावण्यावर आणि कोरडे संडास बांधण्यावर बंदी आली ती १९९३ साली. २०१३ साली नवा कायदा झाला, त्याने गटारं आणि सेप्टिक टँकही कक्षेत आणले. तो का करावा लागला? कारण टोपली जाऊन टाकी आली. फ्लशचं बटण दाबलं की आपला संबंध संपला, असं आपल्याला वाटतं. टाकी मात्र भरते. आणि ती भरली, तुंबली की आजही कोणीतरी माणूस आत उतरवला जातो, विषारी वायूने गुदमरतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही जातो. बातमी आतल्या पानावर चार ओळींची असते. २७ मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं, २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. मेलेल्यांची आडनावं वाचून बघा. मागचं दार बुजलं आणि मॅनहोलचं झाकण आलं, पण आत जाणारा माणूस कुठल्या वस्तीतून येतो ते फारसं बदललं नाही.

अप्पासाहेबांबद्दल आणखी बरंच सांगता येईल. उत्तरायुष्यात त्यांनी पैशावरच्या व्याजाचा विषय घेतला, 'ब्याज-बट्टा' हा त्यांचा विचार. धान्य साठवलं की किडतं, लोखंड गंजतं, मग पैसा तेवढा पडून राहून वाढतो कसा, त्यालाही बट्टा का बसू नये, असा त्यांचा प्रश्न. अर्थशास्त्राच्या मंडळींनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. त्यावर स्वतंत्र बोलावं लागेल. आणि 'माझी जीवनयात्रा' हे त्यांचं आत्मचरित्र आहे. मिळालं तर जरूर वाचा. अनेकांची आत्मचरित्रं वाचताना लेखक आरशासमोर उभा आहे असं वाटतं, हा माणूस बहुतेक वेळ खड्ड्यात उभा आहे.

१० मार्च १९७१ ला ते गेले. गोपुरी आश्रम कणकवलीला आहे. मुंबईहून गोव्याकडे जाताना महामार्ग तिथूनच जातो, मुद्दाम वाट वाकडी करावी लागत नाही. इथे थांबतो. अर्धा तास आहे, प्रश्न घेऊया. आणि घरी सेप्टिक टँक असलेल्यांनी तो शेवटचा कधी आणि कोणाकडून उपसून घेतला, हे आठवत असेल तर तेही सांगा.